भातुकली आणि जाते

बालपण सरल्याचे दुःख हा कवितेचा फार जुना विषय आहे. पण ते कोणी आणि कोणत्या वयात गायिले, हे पाहू लागले म्हणजे आपल्या बायकांचा इतिहासच हाती लागतो.

प्रथम पुस्तकातले कवी घेऊ. त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म १८९० साली धरणगावी झाला. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात कोवळ्या वयातच त्यांना 'बालकवी' हे नाव मिळाले. झरे, फुले, पाखरे यांच्याशी ते मुलासारखे बोलले. पुढे मात्र त्यांच्या कवितेत उदासी उतरली. 'पारवा' वाचताना ती जाणवते. १९१८ साली रेल्वेच्या अपघातात ते गेले, तेव्हा त्यांना अठ्ठाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

आता घरातली कविता. माझ्या आजीला अक्षर येत नव्हते, पण नाचणी दळताना तिच्या ओवीला खंड नसे. तिचे लग्न बाराव्या वर्षी झाले. खळ्यात करवंट्या मांडून वाळूचा भात शिजवणारी पोर चार दिवसांत खऱ्या चुलीपुढे बसली. नावही बदलले. जुन्या नावाने हाक मारणारे सासरी कोणी नव्हते. म्हणून ती जात्यालाच आई म्हणे आणि माहेरची वाट त्याला सांगे. कवी मोठेपणी मागे वळून बालपणासाठी रडतात. आजीला ते बालपणातच गावे लागले, एवढाच फरक.

लक्ष्मीबाई टिळक यांचीही हीच कथा. १८६८ साली जन्मलेली मनू गोखले अकराव्या वर्षी सासरी आली आणि लक्ष्मी झाली. लिहिणे-वाचणे ती लग्नानंतर शिकली, कविताही करू लागली. १९३४ पासून तिची 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध झाली आणि जात्यावरचे बोलणे कागदावर आले. तेही हसत हसत!

सारडा कायदा १९२९ साली झाला व १ एप्रिल १९३० पासून अमलात आला. मुलीच्या लग्नाचे वय चौदा ठरले. आजीचे लग्न त्यानंतरचे. पण तक्रार करणार कोण? आणि झालेले लग्न त्या कायद्याने मोडत नव्हते. १९४९ साली ते वय पंधरा झाले आणि १९७८ साली अठरा.

माझे लग्न विसाव्या वर्षी झाले. कायद्याने सारे ठीक. पण शाळा सातवीतच सुटली. गावात पुढचे वर्ग नव्हते, हायस्कूल खाडीपलीकडे होते आणि घरात धाकटी भावंडे होती. दप्तर खुंटीला लागले त्या दिवशी माझीही भातुकली संपली. तेव्हा आजी मला जवळ घेऊन एवढेच म्हणाली, "माका लग्नान नेला, तुका चुलीन." सहा ते चौदा वयाच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा अमलात आला तोही १ एप्रिललाच, पण २०१० साली. मधे बरोबर ऐंशी वर्षे गेली.

पुण्याच्या हेमा राईरकर व गी प्वातवँ यांनी खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. माझ्या आजीच्या ओव्यांपैकी मला मात्र चारच आठवतात. बाकीच्या तिच्याबरोबर गेल्या. त्या वेळी मला लिहिता येत होते, वहीही होती, पण सुचले नाही. ही चूक माझीच.

म्हणून एक विनंती. ज्यांच्या घरी अजून म्हातारी माणसे आहेत, त्यांनी त्यांच्या ओव्या आणि फुगडीची गाणी उतरवून घ्यावीत. आणि येत्या चवथीला मंडळात फुगडी घालताना एकमेकींना माहेरच्या नावाने हाक मारावी. कित्येकींना ती हाक ऐकून वर्षे झाली असतील.