निळा पडदा आणि त्याचा मुक्त वारस

सेवाग्राम म्हटले की बापूकुटी डोळ्यांपुढे येते. पण वर्धा जिल्ह्यातील याच गावी १९८३ साली बापूराव देशमुख अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले, हेही इतिहासच. त्याच वर्षी राज्य शासनाने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी केली होती. पुढे अशा असंख्य महाविद्यालयांतील संगणक प्रयोगशाळांनी मराठी मुलांच्या दोन पिढ्यांना एका निळ्या पडद्यासमोर बसवले. हा धागा त्या पडद्याचा आणि त्याची जागा घेणाऱ्या एका हलक्याफुलक्या संपादकाचा.

सी ही भाषा डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत घडवली. बोरलँड कंपनीचे टर्बो सी आले १९८७ साली. प्रोग्राम लिहिणे, त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करणे आणि तो चालवून पाहणे ही तिन्ही कामे एकाच खिडकीत, तीही साध्या संगणकावर झपाट्याने होत. आपल्याकडे ते इतके रुजले, की अनेकांना सी आणि टर्बो सी या दोन वस्तू आहेत हेच ठाऊक नसे. वर्ध्याच्या शेजारी, नागपूरच्या यशवंत कानेटकर यांचे ‘लेट अस सी’ देशभर गेले, तेही याच निळ्या पडद्याच्या जमान्यात.

पण डॉससाठीच्या टर्बोची वाढ १९९०च्या दशकाच्या आरंभीच थांबली. सी++चे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण झाले १९९८ साली. म्हणजे आपली मुले परीक्षेसाठी जी बोली घोकत होती, ती बाहेरच्या जगात जुनी झाली होती. टर्बोमध्ये पूर्णांकाची कमाल मर्यादा ३२,७६७. त्यात एक मिळवला की उत्तर उणे ३२,७६८! पुढे ६४-बिट विंडोज आले आणि हा १६-बिट कार्यक्रम त्यावर थेट चालेनासा झाला. तेव्हा डॉसबॉक्स नावाचे नकली डॉस उभारून त्यात टर्बो जिवंत ठेवण्यात आले. या चिकाटीचे कौतुक करावे की कीव करावी, हे ज्याने त्याने ठरवावे.

बोरलँडने टर्बोच्या काही जुन्या आवृत्त्या विनामूल्य दिल्या होत्या. सोर्स कोड मात्र दिला नाही. त्यामुळे ते फुकट मिळाले तरी दुरुस्त करणे कुणाच्याच हाती नव्हते. या इतिहासातील खरी गाठ मला येथे दिसते.

टर्बो सी आले त्याच १९८७ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी जीसीसी हा मुक्त कंपायलर जगापुढे ठेवला. त्याला विद्यार्थ्यांजोगा चेहरा दिला तो कॉलिन लाप्लास यांच्या डेव्ह-सी++ने. १९९८ साली अवतरलेला हा संपादक जीपीएल परवान्याखाली खुला होता. विंडोजवर चालणाऱ्या जीसीसीसकट त्याचे पुडके अवघे ९ एमबींच्या आसपास भरे. मंद इंटरनेटच्या त्या दिवसांत ही मोठी सोय होती. संहिता रंगवून दाखवणे, चूक असलेल्या ओळीवर नेऊन सोडणे, एका कळीने प्रोग्राम चालवणे, एवढे तो करी आणि नवशिक्याला एवढेच हवे असे.

२००५ साली मूळ प्रकल्पाची ४.९.९.२ ही आवृत्ती आली आणि काम थंडावले. एखाद्या बंदिस्त वस्तूचा इतिहास येथेच संपता. पण संहिता खुली होती. २०११ साली ‘ऑर्वेल’ या नावाने एका विकासकाने ती हाती घेतली आणि २०१५पर्यंत ५.११ आवृत्तीपर्यंत नेली. मग पुन्हा शांतता. २०२० साली तिसरा पालक पुढे आला, तो एम्बार्काडेरो. बोरलँडचा विकासक-साधनांचा विभाग २००८ साली विकत घेणारी हीच कंपनी! म्हणजे टर्बोच्या घराण्याच्या वारसानेच टर्बोच्या प्रतिस्पर्ध्याला दत्तक घेतले. त्यातही मौज अशी, की डेव्ह-सी++ स्वतः लिहिलेला आहे डेल्फीमध्ये आणि डेल्फी हे मुळात बोरलँडचेच अपत्य. पुढे ‘रेड पांडा’ नावाची आणखी एक शाखा निघाली. तिने डेल्फीही सोडले आणि सारा संपादक सी++मध्येच नव्याने लिहून काढला.