भिश्तीचं नाव काय होतं?

मिर्झा ग़ालिब १५ फेब्रुवारी १८६९ रोजी दिल्लीत वारले. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला ऑस्ट्रिया-हंगेरीच्या टपाल खात्यानं जगातलं पहिलं पोस्टकार्ड विक्रीला काढलं. उर्दू गद्याला पत्रांतून बोलायला शिकवणाऱ्या माणसाचं पोस्टकार्ड अवघ्या साडेसात महिन्यांनी हुकलं. ग़ालिब टपालाचे पक्के गिऱ्हाईक होते. पोहोचलेली पत्रं, वाटेत रखडलेली पत्रं, 'बैरंग' म्हणजे घेणाऱ्यानं पैसे भरून सोडवायची पत्रं, या सगळ्यांचा हिशेब त्यांच्या लिखाणात सापडतो. एवढ्याशा कार्डावर त्यांनी काय लिहिलं असतं, हा प्रश्न मी उर्दूच्या तासाला मुलांना हमखास विचारतो.

आज जगभर हजारो माणसं अनोळखी लोकांना पोस्टकार्डं पाठवतात, त्यांची कार्डं मिळवतात आणि जपून ठेवतात. हा छंद परदेशी, पैसेवाल्यांचा, आपला त्याच्याशी संबंध नाही, असं आपल्याकडे समजलं जातं. खरं तर आपण या देवाणघेवाणीत सव्वाशे वर्षांपूर्वीच ओढले गेलो होतो. फक्त तेव्हा आपण कार्ड पाठवणारे नव्हतो. आपण कार्डावरचं चित्र होतो.

एका पैशाचं कार्ड

पोस्टकार्डाची कल्पना व्हिएन्नाकडच्या इमॅन्युएल हेरमान या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकानं १८६९ च्या जानेवारीत वर्तमानपत्रातून मांडली. त्याचं म्हणणं साधं होतं. बहुतेक पत्रांत दोन-चार ओळींचाच मजकूर असतो. त्यासाठी कागद, लिफाफा, लाख आणि लांबलचक मायने कशाला?

हिंदुस्थानात पोस्टकार्ड आलं १ जुलै १८७९ रोजी. लंडनच्या डी ला रू कंपनीनं ते छापलं होतं. किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा. साध्या पत्राला तेव्हा अर्धा आणा पडे. निम्म्या पैशात निरोप जाऊ लागला. गिरणीत काम करणारा कोकणी माणूस असो की नागपूरच्या बाजारात हमाली करणारा, गावी खुशाली कळवणं आता त्याच्या खिशाला झेपू लागलं. लिहिता येत नसेल तर पोस्टाबाहेर बसलेला पत्रलेखक लिहून देई आणि गावात पोस्टमन ते वाचून दाखवी. कार्ड उघडं असल्यानं त्यात गुपित राहत नसे. गरिबाच्या खुशालीत लपवण्यासारखं होतं तरी काय!

त्याच दिवशी परदेशी पाठवायचं कार्डही निघालं. त्याची किंमत दीड आणा, म्हणजे देशी कार्डाच्या सहापट. यामागे एक मोठा करार होता. ९ ऑक्टोबर १८७४ रोजी स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात बावीस देशांनी मिळून टपाल संघ स्थापन केला. टपालापुरता सगळ्या सदस्य देशांचा प्रदेश एकच मानायचा आणि ज्या देशात तिकीट विकलं त्यानंच ते पैसे ठेवायचे, असं त्यांनी ठरवलं. १ जुलै १८७६ रोजी हिंदुस्थान या संघात गेला. म्हणजे देश पारतंत्र्यात असतानाही मुंबईच्या तिकिटाला बर्लिन आणि पॅरिसमध्ये मान होता. माणसाला नसला तरी त्याच्या कार्डाला होता.

चित्र कुणी निवडलं?

पहिल्या कार्डांवर चित्र नसे. एका बाजूला पत्ता, दुसऱ्या बाजूला मजकूर. चित्रं आल्यावर मजकुराला जागा उरली नाही. लोक चित्राच्या कडेनं, कधी आभाळावर, कधी घुमटावर बारीक अक्षरांत लिहीत. १९०२ मध्ये ब्रिटननं पत्त्याची बाजू दुभागून अर्ध्या भागात मजकूर लिहायला परवानगी दिली. पुढच्या काही वर्षांत इतर देशांनीही तेच केलं. चित्राला आता पूर्ण बाजू मिळाली आणि कार्ड जमवण्याचं वेड युरोप-अमेरिकेत घरोघरी पोहोचलं. दिवाणखान्यात कार्डांचा अल्बम ठेवणं प्रतिष्ठेचं झालं.

या अल्बममध्ये मुंबई मोठ्या संख्येनं गेली. क्लिफ्टन अँड कंपनीसारख्या मुंबईतल्या छायाचित्रकारांनी शहराची शेकडो कार्डं काढली. व्हिक्टोरिया टर्मिनस, राजाबाई टॉवर, अपोलो बंदर. अशा पुष्कळ कार्डांची छपाई जर्मनीत होई. इथला फोटो जर्मनीत जाऊन रंगीत होई, परत मुंबईत येऊन विकला जाई आणि साहेबाच्या सहीनिशी इंग्लंडला रवाना होई.

इमारतींइतकीच विकली जात ती माणसं. धोबी, न्हावी, गारुडी, फकीर, आया आणि भिश्ती. पाठीवर चामड्याची पखाल घेतलेला, कमरेत वाकलेला भिश्ती हे त्या काळच्या कार्डांवरचं नेहमीचं चित्र. खाली इंग्रजीत एक शब्द: भिश्ती. नाव नाही, गाव नाही.

शब्दाचा मान तरी पाहा. फारसीत 'बिहिश्त' म्हणजे स्वर्ग. तहानलेल्याला पाणी देणारा तो बिहिश्ती, स्वर्गातला माणूस. मोगल इतिहासात एका भिश्तीची गोष्ट प्रसिद्ध आहे. १५३९ मध्ये चौसाच्या लढाईत शेरखानाकडून हरलेला हुमायून गंगेत बुडत होता. एका भिश्तीनं पखालीच्या आधारानं त्याला पैलतीराला नेलं. बादशहानं उपकार फेडायला त्याला थोड्या वेळापुरतं तख्तावर बसवलं, असं सांगितलं जातं. त्या भिश्तीचं नाव निजाम. बादशहाच्या कथेत भिश्तीला नाव आहे, पोस्टकार्डावर नाही. चारशे वर्षांपूर्वीच्या दरबारी लेखकाला जे नोंदवावंसं वाटलं, ते विसाव्या शतकातल्या कॅमेऱ्याला वाटलं नाही.

हे केवळ विसरण्यातून झालं नाही. नाव लिहिलं की तो एक माणूस होतो, त्याला घर आणि मुलंबाळं असतात. नाव काढून टाकलं की तो 'नमुना' होतो. नमुने गोळा करता येतात, अल्बममध्ये चिकटवता येतात, त्यांच्याशी बोलावं लागत नाही. परक्या देशातल्या माणसाला आपण अशी एका शब्दात ओळखायची सवय लावतो, तेव्हा पुढे त्याच्याबद्दल काहीही खरं वाटू शकतं. ही सवय पोस्टकार्डाबरोबर संपली नाही. आज ती मोबाइलच्या पडद्यावर आहे. दाढी, टोपी किंवा बुरखा दिसला की खालचा शब्द बघणाऱ्याच्या मनात आधीच छापलेला असतो.

धुरंधर आणि मिर्झा

तरीही सगळी चित्रं साहेबांनीच काढली असं नाही. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला राजा रविवर्मांचा छापखाना देवदेवतांच्या तसबिरींसाठी ओळखला जातो. त्या छापखान्यानं पोस्टकार्डंही काढली. कोल्हापूरला १८६७ मध्ये जन्मलेले आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून तिथेच शिकवणारे महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या रोजच्या जीवनावर कार्डांसाठी चित्रं काढली. धुरंधरांनाही बाजार सांभाळावा लागला. त्यांच्या माणसांखालीही जात किंवा धंद्याचाच शब्द असे. पण त्यांची माणसं कॅमेऱ्यासमोर उभी केल्यासारखी ताठरत नाहीत. ती चालतात, हसतात, नखरा करतात. काढणारा त्यांच्याच गल्लीतून रोज जाणारा आहे, हे कळतं.

दुसरं उदाहरण दिल्लीच्या एच. ए. मिर्झा अँड सन्स यांचं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी मक्का-मदिनेची छायाचित्रं घेतली आणि त्यांची पोस्टकार्डं काढली. मुंबई हे तेव्हा हज यात्रेचं मोठं बंदर होतं. मुंबई ते जिद्दा हा जहाजमार्ग थेट १९९५ पर्यंत चालू होता. ज्याला आयुष्यभर हजची ऐपत येणार नाही अशा माणसाच्या हाती काबागृहाचं चित्र काही पैशांत येऊ शकत होतं. ज्या गोष्टीवर आपली श्रद्धा आहे तिचं चित्र आपल्यातल्याच माणसानं काढावं, विकावं आणि आपणच ते एकमेकांना पाठवावं, हे त्या काळात छोटं काम नव्हतं. साहेबाच्या अल्बमला मिर्झांनी दिलेलं ते उत्तरच म्हणायला हवं.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटलं, जर्मन छपाई बंद झाली आणि चित्रकार्डांचा तो बहर ओसरला. साधं कार्ड मात्र आपल्याकडे टिकून राहिलं. सेवाग्रामहून गांधीजींची कार्डं देशभर गेली. १९९० च्या दशकात दूरदर्शनच्या 'सुरभि' कार्यक्रमाला उत्तरादाखल इतकी कार्डं येऊ लागली की टपाल खात्याला स्पर्धेसाठी दोन रुपयांचं वेगळं कार्ड काढावं लागलं. देशातल्या साध्या कार्डाचा दर पन्नास पैशांवर थांबला तो थांबलाच.

सहा आकडे

परदेशातलं कार्ड साकोली तालुक्यातल्या सानगडीला न चुकता कसं येतं? याचं श्रेय एका मराठी माणसाकडे जातं. श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे पंडित आणि टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी. त्यांनी आखलेली पिन कोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. एकाच नावाची अनेक गावं, पत्ते वेगवेगळ्या लिप्यांत, त्यामुळे पत्रं भरकटत. वेलणकरांनी ते सहा आकड्यांत बसवलं. आमचा पिन ४४१ नं सुरू होतो. पाठवणाऱ्याला देवनागरी वाचता येत नसली तरी आकडे त्याचं कार्ड भंडारा जिल्ह्यात आणून सोडतात.

२००५ मध्ये पावलो मागाल्याइश या पोर्तुगीज विद्यार्थ्यानं 'पोस्टक्रॉसिंग' सुरू केलं. नियम सोपा आहे. तुम्हाला एका अनोळखी माणसाचा पत्ता आणि कार्डावर लिहायचा क्रमांक मिळतो. कार्ड पोहोचल्यावर तो माणूस क्रमांकाची नोंद करतो आणि मग तुमचा पत्ता तिसऱ्याच कुणाला जातो. आधी द्यायचं, मगच मिळायचं. अशी सात कोटींहून अधिक कार्डं आजवर पोहोचली आहेत. १९०५ च्या अल्बममधला साहेब भिश्तीला कधी पत्र लिहीत नसे. इथे चित्राच्या मागे पाठवणाऱ्याचं हस्ताक्षर असतं आणि समोरच्याची ओळखही त्याच्याच शब्दांत मिळते. अल्बम आणि देवाणघेवाण यांतला फरक एवढाच आहे, पण तो मोठा आहे.

सानगडीचं कार्ड

आमच्या गावाचं छापील चित्रकार्ड दुकानात मिळत नाही. शहरात गेलं तर ताजमहाल, गेटवे आणि वाघ मिळतात. म्हणून मी मुलांना जाड कागद चौदा बाय नऊ सेंटीमीटर कापायला लावतो आणि चित्र त्यांच्यावर सोडतो. कुणी किल्ल्याचा बुरूज काढतं, कुणी तलाव, कुणी चिखलात रोवणा करणाऱ्या बाया. एका मुलीनं आपल्या अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान काढलं होतं, पंक्चरच्या टबासकट.

माझी अट एकच असते. चित्रात माणूस असेल तर मागच्या बाजूला त्याचं नाव लिहायचं, देवनागरीत आणि उर्दूत, मग इंग्रजीत. मुलं विचारतात, तिकडच्या माणसाला हे नाव कुठे माहीत असणार? मी सांगतो, म्हणूनच लिहायचं.

जगानं आपल्याला कसं पाहावं हे आपल्या हातात नाही. पण आपलं कार्ड आपण लिहू शकतो आणि समोरून आलेलं कार्ड नमुना न समजता माणूस समजून वाचू शकतो. ज्या भिश्तीची कार्डं आज जगभरच्या संग्राहकांकडे जपून ठेवली आहेत, त्याचं नाव विचारायला मात्र आता फार उशीर झाला आहे. सायकल दुकानवाल्या अब्बांचं नाव कार्डावर लिहिलेलं आहे.