घटनेची चौकट आणि एक न्यायमूर्ती

एका पिढीने पुढच्या पिढीला बांधून ठेवू नये, हा जेफरसनचा विचार डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनासमितीत मांडला. दुरुस्तीची वाट त्यासाठीच मोकळी ठेवली होती. पण त्या वाटेला कुंपण आहे का? १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात १३ पैकी ७ न्यायमूर्ती म्हणाले : आहे, घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. विरोधातल्या ६ जणांत पुण्यात जन्मलेले यशवंत विष्णु चंद्रचूड होते. पुढे आणीबाणीतील ४२ व्या दुरुस्तीने संसदेचा हा अधिकार अमर्याद ठरवला. १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात ते कलम रद्द करणारा बहुमताचा निकाल लिहिला, तो सरन्यायाधीश चंद्रचूड यांनीच! घटना बदलू शकते. बदलणाऱ्याला मात्र स्वतःची मर्यादा पुसता येत नाही.