गंजिफा: खेळातून संग्रहात

गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेल्या, लाखेचे रोगण चढवलेल्या गोल पत्त्यांचा संच. खेळ इराणातून आला. बाबराने 1527 मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. अकबराच्या काळात अबुल फजलने ‘ऐने अकबरी’त बारा रंगांच्या, दर रंगात बारा पाने असलेल्या 144 पानी संचाचे वर्णन केले. त्यातल्या रंगांची अश्वपती, गजपती, नरपती, गढपती अशी नावे पाहिली की परदेशी खेळ इथल्या मातीत किती लवकर रुजला होता ते कळते.

पुढे दोन घराणी ठळक झाली. मोगल गंजिफेत आठ रंग आणि 96 पाने: ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात आणि किमाश. दशावतारी गंजिफेत दहा रंग आणि 120 पाने, आणि प्रत्येक रंग विष्णूच्या एका अवताराचा. दर रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा आकड्यांची पाने असतात. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, परशुरामाच्या पानांवर परशू. जितका आकडा तितक्या खुणा. मत्स्य ते वामन या पहिल्या पाच रंगांत राजा-प्रधानांखाली दहा सर्वांत मोठा आणि एक्का सर्वांत लहान. परशुराम ते कल्की या पाचांत नेमके उलट, तिथे एक्का मोठा आणि दहा लहान. खेळणारे तिघे, प्रत्येकाला चाळीस पाने. दिवसा खेळताना ज्याच्याकडे रामाचा राजा तो डाव सुरू करतो, रात्री ज्याच्याकडे कृष्णाचा राजा तो. पडलेले प्रत्येक पान ध्यानात ठेवावे लागते. हुकूम नसलेल्या या खेळात नशिबापेक्षा स्मरणशक्तीचा कस अधिक लागतो.

पत्ते रंगवणाऱ्यांची गावे देशभर विखुरली होती: बंगालात बिष्णुपूर, ओडिशात पुरी आणि रघुराजपूर, दक्षिणेत म्हैसूर. वाशिमकडून हिंगोली, नांदेड ओलांडून तेलंगणात उतरले की लागणारे निर्मळ हेही त्यांपैकीच एक. वऱ्हाडाला सर्वांत जवळचे केंद्र तेच. महाराष्ट्रात मात्र गंजिफेचे नाव सावंतवाडीशी जोडले गेले. खेम सावंत तिसरे (1755–1803) यांच्या दरबारात विद्वानांना आणि कारागिरांना आश्रय होता. चितारी घराण्यांची वस्ती असलेली चितारआळी आजही त्या गावात आहे आणि लाकडी खेळण्यांसाठी ओळखली जाते.

जुन्या पद्धतीत पान घडवणे हे रंगकामापेक्षा कमी कष्टाचे नव्हते. जुन्या सुती कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकमेकांवर चिकटवायचे. त्यावर खडूची भुकटी आणि खळ यांचा लेप देऊन तो वाळवायचा आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. मग गोल पाने कापून त्यांना जमिनीचा रंग द्यायचा. आकृतीची बाह्यरेषा बारीक कुंचल्याने हातानेच काढली जाई. शेवटी लाखेचा हात फिरला की पान घामाच्या बोटांनाही दाद देत नसे. पानांची पाठ एकरंगी असे, कारण पाठीवरचा एखादा डागही पान ओळखू देई. किनारीवर नक्षी असलेला संच दरबारी आणि साध्या किनारीचा बाजारी, असा भेद सावंतवाडीत केला जातो.

एकोणिसाव्या शतकात युरोपातून छापील 52 पानी पत्ते आले. ते स्वस्त होते, हातात मावत होते आणि चारच रंग शिकावे लागत. हाताने रंगवलेल्या 120 पानांचा संच त्यांच्यापुढे टिकणे शक्यच नव्हते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत खेळणारे थोडे उरले आणि रंगवणारे त्याहून थोडे.

1970 च्या दशकाच्या सुरुवातीला सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशिलादेवी यांनी ही कला वाचवायचे मनावर घेतले. पुंडलिक चितारी हे वृद्ध कारागीर तेव्हा हयात होते. त्यांच्याकडून तंत्र शिकून घेण्यात आले, तरुण चित्रकार तयार करण्यात आले आणि राजवाड्यात काम सुरू झाले. मुंबईत स्थायिक झालेले जर्मन कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडेन यांनी भारतभरचे संच जमवून त्यांचा अभ्यास केला; 1982 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात भरलेल्या गंजिफांच्या प्रदर्शनाची सूची त्यांनीच लिहिली. सावंतवाडीच्या गंजिफेला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

या पुनरुज्जीवनाने पत्त्याचे काम मात्र बदलले. नवे संच खेळण्यासाठी क्वचितच घेतले जातात. ते चौकटीत लावले जातात, भेट दिले जातात, जपले जातात. अमेरिकेतील बेसबॉलपटूंच्या कार्डांची वाट काहीशी अशीच आहे. 1880 च्या दशकात सिगारेटचे पाकीट ताठ राहावे म्हणून त्यात पुठ्ठ्याचे चित्र घालत. पुढे ही चित्रे च्युइंगगमबरोबर मुलांच्या हाती आली. टॉप्स कंपनीच्या 1952 च्या संचाचा न खपलेला साठा 1960 मध्ये समुद्रात बुडवण्यात आला, आणि त्याच संचातले मिकी मँटलचे एक कार्ड 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरना विकले गेले. 2001 मध्ये टॉप्सने ‘हेरिटेज’ मालिकेत नव्या खेळाडूंची कार्डे 1952 च्या धाटणीत छापली. दोन्हीकडे जुने वळण टिकले ते जमवणाऱ्यांमुळे. फरक इतकाच की बेसबॉल कार्डाला खेळाचे नियम नव्हते, गंजिफेला आहेत. म्हणून नव्या संचाबरोबर नियमांचा कागद येणे फार गरजेचे आहे. तो नसेल तर पहिल्या पाच रंगांतला दहा आणि शेवटच्या पाचांतला दहा यांतला फरक घेणाऱ्याला कधीच कळणार नाही.

जुना संच पारखताना संग्राहक आधी पाने मोजतात, मग कडा पाहतात. थर दिलेल्या पानाची कड जाडसर असते आणि सतत हाताळणीने तिच्यावरची लाख झिजलेली असते; नव्या संचांतली पाने बहुधा तयार पुठ्ठ्याची आणि एकसारखी कापलेली असतात. हरवलेल्या पानाच्या जागी नंतर दुसऱ्या चितार्‍याकडून रंगवून घेतलेले पानही सापडते. त्यातल्या माशाचे खवले वेगळ्या पद्धतीने काढलेले असतात किंवा जमिनीचा रंग किंचित फिका असतो. असे पान काही जणांना दोष वाटतो. खरे तर तो संच खेळात होता आणि अपुरा पडू दिला नाही, याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा नाही. सरकत्या झाकणाची मूळ रंगीत लाकडी पेटी सोबत असली, तर संच कोणत्या केंद्रातला हे ठरवायला तिच्यावरच्या चित्रांचीही मदत होते.