गंडामनचं तेल

१६ जुलै आली की मला बिहारचं गंडामन गाव आठवतं. सारण जिल्ह्यातलं. २०१३ साली याच तारखेला तिथल्या सरकारी प्राथमिक शाळेत मुलांना भात आणि सोयाबीन-बटाट्याची भाजी वाढली. २३ मुलं गेली.

तेल काही बरोबर नाही, हे स्वयंपाकिणीच्या लक्षात आलं होतं. तिने बोलूनही दाखवलं. मुख्याध्यापिकेने ऐकलं नाही. पुढे तपासणीत तेलात मोनोक्रोटोफॉस निघालं. म्हणजे आपलं 'मोनो'. २०१६ला कोर्टाने मुख्याध्यापिकेला शिक्षा सुनावली. भाजीपाल्यावर मोनो मारायला २००५ पासूनच बंदी होती, २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही भारताला सावध केलं होतं. बाटली मात्र दुकानात होतीच.

शिक्षा झाली, बातमी संपली. मला टोचतं ते वेगळंच. कितीतरी मुलं पहिल्या काही तासांतच गेली. गाव, मग छपरा, मग पाटणा, असा प्रवास. या विषात तेवढा वेळ मिळत नाही.

हे काही पहिलं नव्हतं. १९५८ साली केरळात पॅराथिऑन मिसळलेलं गव्हाचं पीठ खाऊन १०० वर माणसं मेली. त्यानंतर चौकशी आयोग बसला, १९६८ला कीटकनाशक कायदा आला. विषाची जात तीच, ऑर्गनोफॉस्फेट. यावर अ‍ॅट्रोपीन चालतं, जुनं आणि स्वस्त इंजेक्शन. जोडीला पॅम, तेही १९५०च्या दशकातलं. म्हणजे उतारा साठ-सत्तर वर्षांपासून आहे.

अडतं ते ओळखण्यात. मोठ्या माणसाला लाळ, घाम, उलटी, जुलाब, टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, छातीत घरघर. डॉक्टर पटकन ओळखतात. लहान मुलात कधीकधी यातलं फारसं काही दिसतच नाही. पोर नुसतं मलूल पडतं, अंग ढिलं सोडतं, झटके येतात. घरचे म्हणतात ताप डोक्यात गेला, नाहीतर बाहेरचं काहीतरी लागलं. अशा वेळी अंगाला येणारा औषधाचा उग्र वास आणि घरातली बाटली, हाच पुरावा. बाटली सोबत न्या. कपडे काढा, अंग साबणाने धुवा, धुताना स्वतःच्या हाताला लागू देऊ नका. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, ते फुप्फुसात जातं. आणि आधी गाडी काढा.

(विषाला आपण 'औषध' म्हणतो, हेही एक आहेच. पाण्याच्या बाटलीत ओतलेलं 'औषध' चार वर्षांच्या पोराला काय कळणार?)

अ‍ॅट्रोपीन एकदा टोचून भागत नाही. मुलाच्या वजनावर डोस ठरतो, आणि छातीतली घरघर थांबेपर्यंत दर पाच मिनिटांनी दुप्पट करत नेतात. म्हणून साठा लागतो. २०१७ला यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने २० वर शेतकरी-मजूर गेले, तेव्हा आपल्याकडे यावर जरा बोलणं झालं. मोठ्या माणसांपुरतंच.

मागच्या आठवड्यात तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात सहज विचारलं, अ‍ॅट्रोपीन किती आहे? त्यांनी कपाट उघडून मोजलं. चार अँप्यूल. एकात ०.६ मिलिग्रॅम. विषबाधा जोराची असेल तर एका पेशंटला तासाभरातच त्याच्या कितीतरी पट लागतं.

फवारणी सुरू झालीय. तुमच्या गावच्या केंद्रात किती आहे ते विचारून मला कळवा. यादी करून जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे घेऊन जातो.