पंच ज्युडा रूबेन आणि मद्रासचा पंचनामा

आपल्या भाषेत 'पंच' हा शब्द क्रिकेटच्या कितीतरी आधीपासून आहे. बांधाचा तंटा पंचांपुढे जायचा, गावात चोरी झाली की पंचांसमक्ष पंचनामा व्हायचा. पंचनाम्यात पंचाचे काम तसे मर्यादित. जे डोळ्यांना दिसले ते लिहून घ्यायचे आणि खाली सही करायची. चोर कोण आणि त्याच्या मनात काय होते, हे त्याने सांगायचे नसते. 'कसोटी' हा दुसरा शब्द. करोल बागेत सोने-चांदी गाळण्याचा व्यवसाय करणाऱ्या आपल्या सांगली-साताऱ्याकडच्या मंडळींना हा शब्द मी काय समजावून सांगणार? टेस्ट मॅचला मराठीत पहिल्यांदा 'कसोटी सामना' म्हणणाऱ्याला तो काळा दगड आठवला असणार, त्याला दाद द्यायलाच हवी.

आज ज्यांच्याविषयी लिहायचे आहे ते ज्युडा रूबेन कसोटी सामन्यांचे पंच होते. पोटापाण्याला मुंबई पोलीस दलात बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ होते. म्हणजे पंचनामा आणि कसोटी या दोन्ही गोष्टींशी त्यांचा रोजचा संबंध. खेळाडूंच्या आठवणी आपण आवडीने सांगतो. गावसकर, वाडेकर, वेंगसरकर ही तर घरातली नावे. पंच मात्र चुकला तरच आठवतो. रूबेन चुकले नाहीत, तरीही एका प्रकरणाला त्यांचे नाव कायमचे चिकटले. ते प्रकरण मुळातून समजून घेण्यासारखे आहे.

रूबेन यांचा जन्म १९२२ चा. ते बेने इस्रायल समाजाचे. हा समाज कोकणातला. कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या रायगडमधल्या, गावांत ही मंडळी तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून आजूबाजूचे लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. गावावरून आडनावे पडली. घरची भाषा मराठी, बायकांची नेसण मराठी आणि प्रार्थना हिब्रू. पुढे समाज मुंबईत आला आणि पोलीस, रेल्वे, टपाल, सैन्य अशा नोकऱ्यांत शिरला. १९४८ नंतर बरेच जण इस्रायलला गेले. जे राहिले ते आपल्यातलेच होऊन राहिले. दिल्लीत हुमायून रोडवर ज्यूंचे जे छोटेसे प्रार्थनास्थळ आहे, ते १९५६ साली उभे राहिले. तिथे आजही मराठी कानावर पडू शकते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल.

त्या काळी पंचगिरी हा पेशा नव्हता. दिवसभर कचेरी, सुट्टीच्या दिवशी मैदान, आणि कसोटी मिळाली तर साहेबांकडे रजेचा अर्ज. रूबेन १९६९ ते १९७७ या काळात १० कसोटी सामन्यांत उभे राहिले. त्याच सुमारास मुंबईचे माधव गोठोसकर १४ कसोटींत पंच होते. दोन्ही पंच यजमान देशाचेच असायचे. यजमान हरले तरी पाहुणे त्यांच्याकडे संशयाने बघायचे, आणि जिंकले तर विचारूच नका! पंचाच्या प्रामाणिकपणाबद्दल कितीही खात्री असली तरी त्याच्या पासपोर्टचा रंग सगळ्यांना आधी दिसायचा. पुढच्या गोष्टीत याला फार महत्त्व आहे.

डिसेंबर १९७६. टोनी ग्रेगचा इंग्लंड संघ भारतात आला. पहिली कसोटी आपल्या दिल्लीत, फिरोजशहा कोटलावर, १७ डिसेंबरपासून. इंग्लंडने ३८१ धावा केल्या, त्यात डेनिस एमिसच्या १७९. जॉन लिव्हर हा एसेक्सचा डावखुरा मध्यमगती गोलंदाज पहिलीच कसोटी खेळत होता. त्याने आधी फलंदाजीत ५३ धावा काढल्या आणि मग चेंडू हातात घेतला. भारताचा डाव बरा सुरू झाला होता. तेवढ्यात चेंडूचा आकार बिघडला म्हणून तो बदलण्यात आला, आणि बदललेला चेंडू असा काही स्विंग होऊ लागला की आपले फलंदाज एकामागून एक परतले. भारत सर्व बाद १२२, लिव्हर ४६ धावांत ७ बळी. सामन्यात एकूण १०. आपण एक डाव आणि २५ धावांनी हरलो. कलकत्त्याला १० गडी राखून इंग्लंड पुन्हा जिंकले. म्हणजे मद्रासला तिसरी कसोटी सुरू झाली तेव्हा भारत ०-२ असा मागे होता, आणि हा लिव्हर कोण कुठला, हा प्रश्न पानाच्या टपरीवरही चर्चेत होता.

मद्रासची कसोटी १४ जानेवारी १९७७ ला सुरू झाली. पोंगलचे दिवस, समुद्राची दमट हवा. लिव्हर आणि बॉब विलिस घामाने निथळत होते. तिसऱ्या दिवशी दोघेही कपाळावर, भुवयांच्या वर, गॉजच्या पट्ट्या लावून आले. पट्ट्यांना व्हॅसलीन लावलेले. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरू नये म्हणून ही युक्ती संघाचे फिजिओ बर्नार्ड थॉमस यांनी सुचवली होती. गोलंदाजी करता करता लिव्हरची पट्टी सुटली आणि ती पंच रूबेन यांच्या नजरेस पडली.

आता क्षणभर त्यांच्या जागी उभे राहून पाहा. हातात एक बुळबुळीत पट्टी आहे. तेव्हाचा नियम असा की चेंडूला घाम-थुंकी चोळा, पण बाहेरचा कोणताही पदार्थ लावायचा नाही. गोलंदाज कपाळाचा घाम बोटाने टिपतो आणि त्याच बोटांनी चेंडूची एक बाजू चकचकीत करतो, हे शाळकरी पोरालाही माहीत. त्या बाजूला व्हॅसलीन लागले तर तिची लकाकी जास्त टिकणार आणि चेंडू जास्त वळणार. पट्टी खिशात घालून गप्प बसणे सगळ्यात सोपे होते. मॅच रेफरी हे पद तेव्हा नव्हते, ते १९९१ मध्ये आले. आणि तक्रार करावी तर जग म्हणणार की घरचा संघ हरतो आहे म्हणून घरचा पंच रडतो आहे. रूबेन यांनी जे दिसले ते सांगितले. कर्णधार बिशनसिंग बेदी यांनी तर जाहीरच आरोप केला आणि आपल्याला दिल्लीतही शंका आली होती असे म्हटले.

इंग्लंडचे व्यवस्थापक केन बॅरिंग्टन यांनी पट्ट्या लावल्याचे नाकारले नाही. नियमाचा तांत्रिक भंग झाला, पण हेतू वाईट नव्हता, डोळ्यांत घाम जाऊ नये एवढ्यासाठीच त्या होत्या, असे त्यांचे म्हणणे. पट्ट्या काढल्या गेल्या. भारताचा पहिला डाव १६४ वर संपला, त्यात लिव्हरचे ५ बळी. दुसऱ्या डावात २८४ धावा हव्या असताना आपण ८३ वर गुंडाळलो. या डावात मात्र सर्वाधिक ४ बळी डेरेक अंडरवूड या फिरकी गोलंदाजाचे होते. मालिका गेली.

भारतीय क्रिकेट मंडळाने काय केले? मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष रामप्रकाश मेहरा आपल्या दिल्लीचेच. मंडळाने कागद लंडनला पाठवले आणि आपले मत असे दिले की, पट्ट्या वापरण्यामागे चेंडू चकचकीत करण्याचा गोलंदाजाचा इरादा होता की नव्हता, याचा निष्कर्ष काढता येत नाही. लंडनने आपल्या व्यवस्थापकाचा खुलासा मान्य केला आणि लिव्हरला निर्दोष ठरवले. माझ्या मते खरी गफलत इथेच झाली. पंचाने सांगितले होते की पट्टी सापडली. मंडळाने उत्तर शोधले गोलंदाजाच्या मनात काय होते याचे. घरात परक्याच्या बोटांचे ठसे मिळाले असताना पोलिसांनी त्या माणसाच्या स्वभावाची चौकशी करून फाईल बंद करावी, तसा हा प्रकार. ठसे तज्ज्ञाला हे पाहून काय वाटले असेल?

त्यातून वर्तमानपत्रांनाही सवड नव्हती. सामना संपायच्या आदल्या दिवशी, १८ जानेवारीला, इंदिरा गांधींनी लोकसभा निवडणुका जाहीर केल्या. आणीबाणीतले नेते सुटू लागले. व्हॅसलीनकडे कोण बघणार? मेमध्ये पॅकर सर्कसचे बिंग फुटले आणि ग्रेगचे कर्णधारपद गेले. बेदी इंग्लंडमध्ये नॉर्थम्प्टनशायर कौंटीकडून खेळत. त्याच वर्षी तिथला त्यांचा संबंध संपला. मद्रासला तोंड उघडले त्याची ही किंमत, असे बेदींचे म्हणणे होते. त्यांचा स्वभाव पाहता ते पुढेही गप्प बसले नाहीत, हे दिल्लीकरांना सांगायला नको. २०२३ मध्ये ते गेले.

लिव्हरवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगतो. मद्रासच्या पट्टीवरून दिल्लीचे १० बळी चोरीचे ठरवणे बरोबर नाही. कोटलावर चेंडू बदलल्यावर स्विंग होऊ लागला होता आणि तो चेंडू त्याने स्वतः आणलेला नव्हता. मालिकेत त्याने २६ बळी घेतले, ते सगळे व्हॅसलीनचे नव्हेत. मला स्वतःला त्याचा हेतू वाईट वाटत नाही. कारस्थान करणारा माणूस पुरावा कपाळावर लावून फिरत नाही! पण नियम मोडला होता, आणि तो मोडल्याचे सांगणे एवढेच पंचाचे काम होते. लिव्हरची शेवटची कसोटीही भारताविरुद्धच झाली, १९८६ मध्ये हेडिंग्लेला. दिलीप वेंगसरकरने ६१ आणि नाबाद १०२ धावा केल्या आणि सामना आपण जिंकला.

त्याच १९८६ च्या नोव्हेंबरात लाहोरला पाकिस्तान-वेस्ट इंडीज कसोटीत पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी हे दोन भारतीय पंच उभे राहिले. त्रयस्थ पंचांची सुरुवात तिथून. २००२ पासून दोन्ही पंच त्रयस्थ नेमण्याची पद्धत आली. मद्रासला एक जरी पंच तिसऱ्या देशाचा असता आणि त्याला ती पट्टी सापडली असती, तर लंडनचे उत्तर तेच आले असते का?

उलट बाजूचे उदाहरणही आहे. २००१ मध्ये पोर्ट एलिझाबेथला सचिनवर चेंडू कुरतडल्याचा ठपका आला तेव्हा मैदानावरच्या पंचांची तक्रारच नव्हती. मॅच रेफरी माईक डेनेस यांनी टीव्हीची चित्रे पाहून शिक्षा सुनावली आणि देशभर मोर्चे निघाले. एकीकडे पंचाने डोळ्यांनी पाहिले आणि शिक्षा नाही, दुसरीकडे पंचाने काहीच पाहिले नाही आणि शिक्षा आहे.

ऑगस्ट २००६ मध्ये ओव्हलवर डॅरेल हेअर आणि बिली डॉक्ट्रोव्ह यांनी पाकिस्तानला चेंडू खराब केल्याबद्दल ५ धावांचा दंड केला. पाकिस्तानचा संघ चहापानानंतर मैदानात आला नाही आणि सामना इंग्लंडला देण्यात आला. चौकशीत चेंडूचा आरोप टिकला नाही. नोव्हेंबरात आंतरराष्ट्रीय क्रिकेट समितीने हेअर यांना मोठ्या सामन्यांतून बाजूला केले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, त्याच महिन्यात, मुंबईत ज्युडा रूबेन यांचे निधन झाले.