बॅग बंद केली

गेले आठ दिवस मी दिवसातून दहा वेळा एकच वाक्य वाचत होतो. 'बॅग बंद केली.' आत्याने मिरजेहून पुण्याला एक पाकीट पाठवलं होतं. मिरज ते पुणे म्हणजे सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचावं एवढं अंतर. पण पहिल्या दिवशी संध्याकाळी पाकिटाची बॅग बंद झाली, आणि त्यानंतर पाकिटाने मौनव्रत घेतलं. कोणाच्या सेवेने पाठवलं होतं ते मुद्दामच सांगत नाही, कारण त्यांची बदनामी करायला मी बसलेलो नाही. पाकिटात आजोबांची जुनी पत्रं होती. त्यातल्या एका कार्डाने आमच्या घरातली दोन कुटुंबं जवळपास सत्तर वर्षं एकमेकांपासून तोडली होती. म्हणून जीव टांगणीला.

त्या काळजीत मी हे ट्रॅकिंग प्रकरण जरा समजून घेतलं. आपल्याला वाटतं की पडद्यावर आपली वस्तू दिसते आहे. तसं काहीच नसतं. कोणीतरी बारकोडवर यंत्र फिरवतं तेव्हा एक ओळ उमटते, एवढंच. एकदा वस्तू बॅगेत गेली की पुढे बॅग मोजली जाते, वस्तू नाही. बॅग गाडीत असते तेव्हा नोंद करायला कोणी नसतं. बॅग चुकीच्या फलाटावर उतरली, तर ती उघडेपर्यंत आतल्या पाकिटाचा शेवटचा पत्ता 'बॅग बंद केली' हाच राहतो. म्हणजे ट्रॅकिंग आपल्याला वस्तू कुठे आहे ते सांगत नाही. ती शेवटची कोणाच्या हातात होती ते सांगतं.

आणि ही कल्पना संगणकवाल्यांची नाही बरं का! 1661 साली इंग्लंडचा पोस्टमास्टर जनरल होता हेन्री बिशप नावाचा गृहस्थ. पत्रं उशिरा मिळतात अशी लोकांची ओरड होती, आणि पत्र पोचवणारे ती वाटेत दडवून ठेवतात असा संशय. बिशपने छोटासा गोल शिक्का काढला. वरच्या अर्ध्यात महिना, खालच्या अर्ध्यात तारीख. साल नाही. पत्र कचेरीत कुठल्या दिवशी आलं हे त्यावरून कळणार, म्हणजे ते उगाच रखडवायची कोणाची छाती होऊ नये. पोस्टाच्या तारखेच्या शिक्क्याचा जन्म असा तक्रारीतून झालेला आहे. तिकीट यायला पुढे जवळजवळ 180 वर्षं लागली, 1840 पर्यंत.

त्याच्याही आधी, आणि आपल्याकडे तर बराच काळ नंतरही, ट्रॅकिंग म्हणजे माणूस. कासीद, जासूद, सांडणीस्वार. पानिपतची लढाई झाली 14 जानेवारी 1761 ला. नानासाहेब पेशवे तेव्हा मदत घेऊन उत्तरेकडे निघालेले. त्यांना बातमी स्वतःच्या माणसांकडून आधी कळलीच नाही. ग्रँट डफ लिहितो की एका सावकाराचा कासीद पानिपताहून औरंगाबादेला नऊ दिवसांत पोचायच्या बोलीवर निघाला होता, तो वाटेत पेशव्यांच्या छावणीत सापडला. त्याच्याकडचं पत्र पेशव्यांनी फोडलं आणि सर्वनाश कळला, तोही व्यापाऱ्यांच्या सांकेतिक भाषेत. राज्याच्या डाकेपेक्षा सावकारांची डाक चोख! कारण उघड आहे. हुंडीला मुदत असते.

कंपनी सरकारने 1774 साली वॉरन हेस्टिंग्जच्या काळात डाक सर्वसामान्यांना पैसे घेऊन खुली केली. पण दर अंतरावर. 1 ऑक्टोबर 1854 पासून मात्र पाव तोळ्याचं पत्र अर्ध्या आण्यात देशभर कुठेही जायला लागलं. माझ्या मते आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत याला मिळते त्याहून जास्त जागा मिळायला हवी. असो.

त्या काळातली पत्रं पाहिलीत तर पाठीमागे शिक्क्यांची गर्दी असते. निघालं त्या गावाचा, मधल्या कचेऱ्यांचा, पोचलं त्या गावाचा. पुढे पत्रं इतकी वाढली की मधले शिक्के बंद होत गेले, आणि निघाल्याचा व पोचल्याचा एवढे दोनच उरले. आजोबांच्या कार्डावर तेवढेच आहेत.

आता त्या कार्डाची गोष्ट. आमचं मूळ गाव देवगड तालुक्यात. आजोबा मुंबईला गिरगावात, त्यांचे थोरले भाऊ (आम्ही त्यांना भाऊआजोबा म्हणायचो, म्हणजे आमच्या घरात त्यांचा विषय निघालाच तर) गावी, आईजवळ. 1954 च्या जुलैमध्ये पणजी आजारी पडली. भाऊआजोबांनी कार्ड टाकलं, 'आईचे बरे नाही, असशील तसा निघून ये.' आजोबांना ते मिळालं 21 जुलैला. ते रात्रीच निघाले. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणून रेल्वेने कोल्हापूर आणि तिथून फोंडा घाटाने एसटी. पोचले तेव्हा तेराव्याची पानं वाढली जात होती.

कलमांच्या वाटणीवरून दोघा भावांत आधीच धुसफूस होती. आजोबांच्या मनाने घेतलं की कार्ड मुद्दाम उशिरा टाकलं, आईने शेवटी मला काही सांगू नये म्हणून. भाऊआजोबा म्हणाले, मी दुसऱ्याच दिवशी टाकलं. त्यावर आजोबांनी खिशातून कार्ड काढून पोचल्याचा शिक्का दाखवला म्हणे, चारचौघांत. त्यानंतर बोलणं संपलं. कार्ड त्यांनी पुरावा म्हणून जपून ठेवलं. लहानपणी मी ही गोष्ट इतक्या वेळा ऐकली होती की भाऊआजोबा म्हणजे मला गोष्टीतला दुष्ट माणूसच वाटायचे. ते गेले तेव्हा आमच्याकडून कोणी गेलं नाही.

पाकीट नवव्या दिवशी आलं. एका कोपऱ्यावर दुसऱ्याच शहराचं लेबल चिकटवून वर काट मारलेली. म्हणजे स्वारी भलतीकडे फिरून आली होती.

कार्डावर पोचल्याच्या तारखेखाली आजोबांनी निळ्या शाईने दोन रेघा मारल्या आहेत. आणि मजकुराच्या वर भाऊआजोबांच्या अक्षरात तारीख, 9 जुलै. ती तर आजोबांनाही दिसत होती, पण तारीख कोणीही मागची घालू शकतो असं त्यांचं म्हणणं. निघाल्याचा शिक्का कार्डाच्या छापील तिकिटावर पडलेला, गडद रंगावर काळी शाई. नुसत्या डोळ्यांना एक डाग. मी खिडकीत उजेडाला धरून मोबाईलने फोटो काढला आणि तो मोठा करत गेलो. गावाच्या नावाची शेवटची दोन अक्षरं आधी दिसली. मग 10. मग जुलै.

म्हणजे कार्ड खरोखरच दुसऱ्या दिवशी पडलं होतं. पुढचे अकरा दिवस ते कुठे होतं? बोटी बंद होत्या, खाड्या भरलेल्या, घाटात दरड ही दर पावसाळ्यातली गोष्ट. मधला शिक्का नाही, त्यामुळे कार्ड यापुढे काही बोलत नाही. तार का नाही केली, असा प्रश्न मीही लहानपणी विचारला होता. गावात तारघर नव्हतं, आणि जिथे होतं तिथे जायला आधी नदी ओलांडायची होती.

मी आत्याला फोन केला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दादांना भिंग घेऊन बघायला काय झालं होतं रे?" मी काय सांगणार?

भाऊआजोबांचा नातू गावीच असतो, कलमं तोच बघतो. त्याला मी आयुष्यात दोनदा भेटलोय, दोन्ही वेळा लग्नात, दोन्ही वेळा लांबून. त्याला कार्डाची आणि मोठ्या केलेल्या शिक्क्याची छापील प्रत पाठवायचं ठरवलं. मोबाईलवर धाडता आलं असतं, पण ते बरं वाटेना. 2025 साली रजिस्टर पोस्टाची वेगळी सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली, तेव्हा स्पीड पोस्टच. पत्त्यावर पिनकोड लिहिताना आठवलं की हे सहा आकडे बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर रत्नागिरी जिल्ह्यातलेच, संस्कृतचे पंडित. 15 ऑगस्ट 1972 ला पिनकोड सुरू झाला. एकाच नावाची अनेक गावं आणि पत्त्यांच्या अनेक लिप्या यांतून वाट काढायला. 1954 च्या कार्डावर अर्थातच नुसतं 'गिरगाव, मुंबई'.

पावतीवर दोन अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी भारताचं 'आयएन'. नऊपैकी शेवटचा आकडा आधीच्या आठांवरून गणिताने काढलेला असतो, नंबर टाईप करताना चूक झाली तर पकडायला. मी पुन्हा दिवसातून दहा वेळा बघायला लागलो. चौथ्या दिवशी दुपारी ओळ आली, 'वस्तू सुपूर्द'.

त्या रात्री काही नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला अनोळखी नंबरवरून फोन आला. आधी पावसाबद्दल बोलला, मग यंदाच्या मोहोराबद्दल. मग म्हणाला, "आमच्याकडेपण एक कार्ड आहे. तुझ्या आजोबांचं, आमच्या आजोबांना लिहिलेलं. पंचावन्न-छप्पन सालचं असेल. पेटीत होतं, कधी कोणी बोललं नाही त्याबद्दल."

मी विचारलं, त्यात काय लिहिलंय?

"पाण्याने अक्षर गेलंय बरंचसं. शिक्कापण नीट दिसत नाही. तू ते मोबाईलने कसं वाचलंस ते सांग."